कडूचे लाडू

मुंबईच्या ट्रेडमार्क ऑफिसचा कागद दीपालीच्या मोबाईलवर आला तेव्हा कडूबाई मेथीचं पीठ तुपात कालवत होत्या. सुनेनं कागद एकदा वाचला, पुन्हा वाचला, आणि सासूकडं न बघताच म्हणाली की ते नाव देत नाहीत. कोणतं नाव? तर 'कडू'. कामून देत नाहीत? तर म्हणे कडू ही चव आहे, आणि चवीवर कुणा एकाची मालकी नसते.

आता बोला! उभा जन्म जे नाव कडूबाईंनी अंगावरून झटकायची धडपड केली, ते मेलं काही केल्या झटकलं गेलं नाही. आणि आज पहिल्यांदा आपणहून मागायला गेल्या, तर सरकार म्हणतं हे तुमचं नाहीच. माणूस वैतागणार नाही तर काय होईल? तुपाचे हात तसेच घेऊन बाई पाटावर बसून राहिल्या. दुपारी भाकर खाल्ली तीसुद्धा रागारागानं, आणि भाकरीला मीठ कमी पडल्याचं खापर मुंबईवर फुटलं.

हे नाव त्यांना मिळालं ते शिरूर अनंतपाळला. त्यांची माय रुक्मिणबाई. तिला आधी दोन लेकी झाल्या. पहिलीचं नाव हौसेनं ठेवलं साखरबाई, दुसरीचं गोडाबाई. दोघी पाळण्यातच गेल्या. मग गल्लीतल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, अगं, गोड गोड नावं ठेवशील तर तो उचलून नेणारच की. आता असं नाव ठेव की त्यानं तोंडात घ्यावं आणि थुकून द्यावं. तिसरी झाली तिचं नाव ठेवलं कडू.

तेवढ्यानं रुक्मिणबाईच्या जीवाला स्वस्थता नव्हती. पोर चालायला लागल्यावर तिनं तिला जत्रेत नेलं आणि गोंदणारणीपुढं बसवलं. गोंदणारीण बिचारी निरक्षर. मास्तरांनी पाटीवर दोन अक्षरं काढून दिली, ती बघून बघून तिनं पोरीच्या हातावर सुईनं टोचली. पोर बोंबलत होती आणि माय तिला घट्ट धरून म्हणत होती की अंधारात आला तर तो नाव कुणाला विचारत बसेल? हातावर वाचील आणि जाईल. मरणाला लिहिता-वाचता येतं याबद्दल त्या माउलीला कणभर शंका नव्हती.

पोर जगली खरी, पण गावानं तिला सुखानं जगू दिलं नाही. शाळेत हजेरी सुरू झाली की पोरांचं सुरू व्हायचं, कडू कारलं, तुपात तळलं, साखरेत घोळलं, तरी कडू ते कडूच. मास्तरही मिशीत हसायचे. कुणाच्या लग्नात वाढायला उभी राहिली तर एखादी म्हातारी हटकून विचारायची, का गं, तुझ्या हातचं गोड लागतंय का? नावानं मरण लांब ठेवलं आणि टवाळी तेवढी पदरात टाकली.

म्हणून नांदेडचं स्थळ आलं तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं. नवरा हणमंतराव रेल्वेत कामाला, घरची माणसं शहरातली. सासूबाईंनी नाव ऐकलं आणि कानांवर हात ठेवले. मंगलकार्यात कडू? तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलं चंद्रप्रभा. नव्या नवरीनं ते नाव असं उचललं की पुन्हा मागं वळून पाहिलं नाही. रेशनकार्डावर चंद्रप्रभा, बँकेत चंद्रप्रभा, पुढं आधार आलं तर त्यावरही चंद्रप्रभा. राहिली हातावरची अक्षरं. ती झाकायला तिनं मनगटापर्यंत बाह्यांची पोलकी शिवून घेतली आणि नांदेडच्या उन्हाळ्यात, जिथं माणसाला अंगावरची कातडीसुद्धा नकोशी होते तिथं, ती चाळीसेक वर्षं लांब बाह्यांत घामानं भिजत राहिली. कुणी विचारलं तर म्हणायची, मला उन्हाची रॅश येते.

मग दीपाली बाळंत झाली. हणमंतराव तोवर देवाघरी गेले होते, घरात नातू आला म्हणून चंद्रप्रभाबाईंना पुन्हा हुरूप आला होता. बाळाला आणि बाळंतिणीला मालिश करायला बाई पाहिजे म्हणून कुणीतरी एकीला पाठवलं. ती गल्लीत शिरली, दारात उभ्या बाईकडं डोळे बारीक करून पाहिलं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली, "अगं कडे! तू हितं व्हय?"

ती होती धुरपताबाई. शिरूर अनंतपाळचीच, शाळेत कारल्याचं गाणं म्हणणाऱ्यांत सगळ्यात पुढं असलेली. चाळीस वर्षांचं झाकण एका हाकेत उडालं. चंद्रप्रभाबाईंना वाटलं धरणी फाटावी आणि हिनं तरी आत जावं.

धुरपताबाईचं तोंड फाटकं, पण जीभ पारखी होती. दीपालीसाठी केलेला मेथीचा लाडू तिनं मालिश झाल्यावर खाल्ला आणि बोलायचीच थांबली. मेथीच्या लाडवाला बाळंतिणी नाक मुरडतात, कारण तो कडूजहर लागतो. हा लागत नव्हता. चंद्रप्रभाबाई मेथी भाजायच्या, दळायच्या आणि ते पीठ तुपात मुरत ठेवायच्या. घाई म्हणून करायची नाही. पिठातला कडवटपणा तुपात जिरला की मगच खारीक, खोबरं, डिंक आणि गूळ. धुरपताबाईनं चार लाडू पदरात बांधले आणि पुढच्या घरी नेले. कुणाचे म्हणून विचारलं तर सांगितलं, कडूचे. त्या घरानं मागवले, त्यांच्या पाहुण्यांनी मागवले. धुरपता जिथं जिथं तेल घेऊन जाई तिथं तिथं नाव तिच्याआधी जाऊ लागलं.

बाईंनी पहिल्यांदा हौसेनं पाकिटावर 'चंद्रप्रभा गृहउद्योग' छापून घेतलं. लोक दुकानात ते पाकीट उलटंसुलटं करून बघायचे आणि परत ठेवायचे. हे नगं, कडूचे द्या. दुकानदार सांगून थकला की बाबांनो हेच ते. शेवटी बाईंनी हात टेकले आणि पिवळ्या पाकिटावर लाल अक्षरांत 'कडूचे लाडू' छापलं. कुणी पहिल्यांदा नाव वाचून बिचकायचं, खाऊन बघायचं आणि मग हसायचं. कडू म्हणे, आणि गोड की! लोकांच्या तोंडी ते नाव इतकं बसलं की लोक चंद्रप्रभाबाईंनाही कडूबाई म्हणू लागले, आणि गंमत म्हणजे आता त्या हाकेला कुणी हसत नव्हतं. बाईंनी ते नाव कधी परत घेतलं हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही. बाह्या मात्र लांबच राहिल्या, सवयीनं.

सुखाला दृष्ट लागायची ती लातुरातून लागली. तिथला बजरंग नावाचा दुकानदार कडूबाईंकडून माल न्यायचा. वर्षभर नेला, मग न्यायचा बंद झाला. त्यानंतर लातूरहून एका आजीचा फोन आला. बाई, तुमच्या हाताला झालं तरी काय? नातीनं लाडू तोंडात घेतला आणि थुकला. कडूबाईंना काही उमजेना. दीपालीनं पाकिटाचा फोटो मागवला. तसंच पिवळं पाकीट, तशीच लाल अक्षरं, 'अस्सल कडू लाडू'. बजरंगानं तुपात मुरवण्याची भानगडच ठेवली नव्हती. मेथी दळायची, गुळात मळायची, झाला लाडू.

थुकला, हा एक शब्द कडूबाईंना जो लागला तो लागलाच. फोन लावून त्यांनी बजरंगाला झाडलं. तो मोठा गोड बोलणारा. मावशी मावशी करत म्हणाला की मेथी कडूच असते, कडूला कडू म्हणायची काय चोरी आहे? ते नाव काय तुम्ही विकत घेतलंय? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

म्हणून तर त्या वजिराबादेतल्या रुद्रेशकडं गेल्या. खाण्याच्या मालाचे परवाने आणि असले अर्ज करून देणारा हा तरुण, कोट घालून बसायचा आणि पंखा फुल्लवर ठेवायचा. त्यानं आश्वासन दिलं, अर्ज केला, आणि काही महिन्यांनी हे असं उत्तर आलं.

कडूबाई दीपालीला घेऊन त्याच्यापुढं जाऊन बसल्या. त्यानं चहा मागवला आणि समजावून सांगितलं. म्हणाला, आजी, समजा या चहावाल्यानं 'गरम' या शब्दावर हक्क मागितला आणि सरकारनं दिला, तर बाकीच्यांनी काय थंड चहा विकायचा? जो शब्द मालाचा गुण सांगतो तो सगळ्यांना लागतो, म्हणून तो कुणा एकाला देत नाहीत. ज्या शब्दाचा मालाशी काही संबंध नाही, तो मिळतो. कडूबाईंना ते पटलं. बाजारात बसलेल्या बाईला एवढं कळतं. त्या म्हणाल्या की बराबर आहे, पण मग अडचण कसली? माझे लाडू कडू कुठायत?

रुद्रेशचा चेहरा पडला. म्हणाला, तसं म्हटलं तर आणखी अवघड. लाडू कडू असतील तर नाव मालाचं वर्णन करतं म्हणून मिळणार नाही, आणि कडू नसतील तर नाव गिऱ्हाइकाची फसवणूक करतं म्हणून मिळणार नाही.

घ्या! इकडे आड आणि तिकडे विहीर, आणि मधे फी घेऊन बसलेला हा कोटवाला. कडूबाईंनी चहा तसाच बशीत ओतून ठेवला. त्यांनी विचारलं की चवीचा विषय मुळात निघाला कुठून? ते तर माझं नाव आहे. तेव्हा रुद्रेशनं अर्ज उघडला. शब्द मराठी असेल तर त्याचा अर्थ इंग्रजीत सांगावा लागतो. तिथं ह्या पठ्ठ्यानं, बाईंना एका शब्दानं न विचारता, आपल्या फर्स्टक्लास इंग्रजीत लिहून टाकलं होतं, चवीला कडू. मुंबईच्या साहेबाचा दोष तरी काय? आपणच लिहून दिलं की आम्ही कडू लाडू विकतो.

दीपाली त्याच्यावर अशी तापली की कडूबाईंनाच तिला आवरावं लागलं. रुद्रेश ओशाळला आणि म्हणाला की चूक दुरुस्त करता येईल, हे अर्जदाराचं स्वतःचं नाव आहे असं सुनावणीत सांगू. पुरावा म्हणून आधार लागेल. कडूबाईंनी पिशवीतून आधार काढलं आणि टेबलावर ठेवता ठेवता त्यांचा हात थांबला. चंद्रप्रभा. रेशनकार्ड, चंद्रप्रभा. पासबुक, चंद्रप्रभा. जन्मभर एकेक कागद चकाचक करून घेतला होता बाईंनी, एकावर कडूचा डाग राहू दिला नव्हता, शाळेचा दाखलाही कधीच चुलीत घातला होता. आता ह्या जगात कडू नावाची बाई कुठं राहते म्हणून विचारलं तर सरकारदरबारी उत्तर एकच होतं, कुठंच नाही.

धुरपताबाई साक्ष द्यायला एका पायावर तयार होती. पण तिचं आधार बघितलं तर त्यावर तिचंच नाव द्रौपदी. कुण्या शहाण्यानं शुद्ध करून टाकलं होतं. रुद्रेशनं डोळे मिटून घेतले.

सुनावणी कॉम्प्युटरवर होती. रुद्रेशच्या ऑफिसात तिघं एका पडद्यापुढं बसले. पडद्यावर मुंबईचे साहेब आले, मग अडकले, मग नुसता आवाज आला, मग पुन्हा साहेब आले. रुद्रेश इंग्रजीत बोलत होता आणि कलमांचे आकडे सांगत होता. कडूबाईंना त्यातलं फक्त कडू कळत होतं, आणि ते तो दर वेळी असं दबकत म्हणत होता की जसं काही शिवीच देतोय. साहेबांनी विचारलं, आडनाव कडू आहे का? आडनाव असतं पुष्कळांचं. नाही, आडनाव नाही. मग साहेब मराठीत आले, आणि तसे सभ्यपणेच म्हणाले की कडू हे विशेषण आहे, आपल्या मुलीचं नाव कडू कोण ठेवील?

रुद्रेश कागद चाळू लागला. कडूबाईंनी त्याची खुर्ची कोपरानं बाजूला सारली.

"जिच्या दोन लेकी मेल्यात ती ठेवती, साहेब," त्या म्हणाल्या.

पडद्यावर साहेबांचं पेन कागदावर टेकलेलं तसंच राहिलं. बाईंना वाटलं पुन्हा अडकलं, पण अडकलं नव्हतं. मग त्यांनी साखरबाई सांगितली, गोडाबाई सांगितली, म्हाताऱ्यांचा सल्ला सांगितला. सांगता सांगता त्या बाहीचे हूक काढू लागल्या. हूक गंजलेले, बाही घट्ट, वर बांगड्या. वैतागून त्यांनी एक हिसका दिला तशी शिवण उसवली, आणि हात कॅमेऱ्यापुढं धरला. सुरकुतल्या कातडीवर दोन हिरवी अक्षरं होती.

पडद्यावर त्यांनी स्वतःचा हात पाहिला. अक्षरं उलटी दिसत होती. दीपाली कानात म्हणाली की आई, आपल्यालाच तसं दिसतं, साहेबांना सुलटं दिसतंय. दुसऱ्या कानात रुद्रेश पुटपुटत होता की आजी हात खाली घ्या, गोंदणारणीनं उकार ऱ्हस्व काढलाय आणि आपल्या अर्जात दीर्घ आहे. कपाळ ह्या माणसाचं! कडूबाईंनी हात खाली घेतला नाही.

"कडू म्या हाय, साहेब. लाडू न्हाईत," त्या म्हणाल्या. "मायनं हे मरणाला वाचाया लिहिलं. त्यानं वाचलं आन् गेला. तुमाला वाचाया काय अडचण हाय?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग कामाच्या आवाजात सांगितलं की लाडू या शब्दावर हक्क मिळणार नाही, तो सगळ्यांचा आहे. अर्जातला अर्थ बदला, कडू हे अर्जदाराचं माहेरचं नाव आहे असं प्रतिज्ञापत्र द्या, पाकिटं आणि जुनी बिलं जोडा. ते आलं की आक्षेप मागं घेतो. आणि पडदा काळा झाला.

रुद्रेशला इतका आनंद झाला की त्यानं पंखा बंद करून एसी लावला. पण एक गोष्ट सांगणं भाग होतं. उद्या नाव मिळालं, तरी बजरंग पाकिटाच्या मागं बारीक अक्षरांत 'चवीला कडू' असं लिहू शकतो. मालाचं खरं वर्णन करायला कुणाला बंदी करता येत नाही. दीपालीला वाटलं सासूबाई आता टेबल उलथतील.

कडूबाई म्हणाल्या की लिहू द्या की, खरंच हायेत त्याचे.

प्रतिज्ञापत्र टाईप होऊन आलं. दीपालीनं मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यात रुद्रेशनं, आता चूक नको म्हणून, ठासून लिहिलं होतं की कडू या शब्दाला काहीही अर्थ नाही. ते ऐकलं आणि कडूबाईंचा पारा पुन्हा चढला. आधी नको तो अर्थ लिहून ठेवला, आता म्हणतो अर्थच नाही! रुद्रेश काकुळतीला आला. आजी, कायद्याला रिकामा शब्दच चालतो, रिकामा असला की तो तुमचा. पण बाई ऐकायला तयार नव्हत्या. अर्थ नाही म्हणून सही केली तर मायला वर जाऊन काय तोंड दाखवू?

"मग काय अर्थ लिहू?" रुद्रेशनं विचारलं.

"लिव्हा, कडू म्हंजी वाचलेली."

रुद्रेशचा हात कळफलकावर थांबला. वाचलेली म्हणजे जगलेली की अक्षरं वाचतात तशी, हे विचारायचं त्याच्या ओठांवर आलं होतं. बाईंच्या हाताकडं बघून त्यानं विचारलं नाही. असं लिहिता येत नाही एवढंच तो हळू आवाजात म्हणाला. दोघांनी घासाघीस करून अखेर ठरवलं, कडू हे अर्जदाराचं माहेरचं नाव आहे, लाडवाच्या चवीशी त्याचा संबंध नाही. अर्थ नाही, हे वाक्य खोडलं.

नवा कागद आला. कडूबाईंनी पेन घेतलं, आणि शाळा सुटल्यापासून जे हातानं कधी लिहिलं नव्हतं ते सावकाश लिहिलं. आधी क, मग डू, दीर्घ.

रुद्रेशनं कपाळाला हात लावला. आधारवर चंद्रप्रभा आणि सही कडू! स्टॅम्पपेपर वाया गेला. आता पुन्हा नवा आणायचा, पुन्हा टाईप करायचा, आणि नावात उर्फ घालायचं, चंद्रप्रभा उर्फ कडू.

"उर्फ घाला," कडूबाई म्हणाल्या. "पर आधी कडू लिव्हा. कडू उर्फ चंद्रप्रभा. चंद्रप्रभा मागून आली."

रुद्रेश पुटपुटत नवा स्टॅम्पपेपर आणायला खाली उतरला. दीपालीनं पर्समधून सेफ्टी पिन काढली आणि सासूची उसवलेली बाही धरायला पुढं झाली. कडूबाईंनी तिचा हात बाजूला केला. म्हणाल्या, राहू दे गं, लई उकडून राह्यलंय.